बदलीचं मत

यंदा मतदानाच्या थोडं आधी, भरदुपारी आमच्या गल्लीत निवडणुकीची रिक्षा शिरली. टपावर दोन भोंगे, मागे कापडी फलक आणि आत घसा बसलेला एक जण. तो जीव तोडून काहीतरी सांगत होता आणि दोन्ही बाजूंच्या कारखान्यांत कापडाचे लूम चालू होते. खटखट, खटखट, खटखट. त्या आवाजापुढे भोंग्याचं काय चालणार! मी फॉल लावायची साडी मांडीवरून बाजूला ठेवली, दुकानाच्या पायरीवर आले आणि हातानंच त्याला खूण केली, बाबा रे, शुक्रवारी ये. भिवंडीत शुक्रवारी लूमला सुट्टी. कामतघरच्या गल्ल्यांत ज्याला काही बोलायचं असेल त्यानं शुक्रवारी बोलावं, एरवी हात जोडून पुढे जावं. हे ज्याला ठाऊक नाही तो बाहेरचा, हे आम्ही लगेच ओळखतो.

रिक्षा गेली. तिनं उधळलेली पत्रकं गटाराच्या कडेला पडून राहिली आणि मला एकदम घाम आल्यासारखं झालं. थंडीचे दिवस, सकाळी शाल घेऊन बसते मी, आणि घाम कसला? पण आमच्याकडे निवडणूक म्हटलं की मला ऐन मे महिनाच आठवतो. पत्र्याखाली उकडणारी दुपार, सुताच्या खळीचा आंबूस वास, लूमच्या तेलाचा वास, आणि त्यात खानावळीच्या मोठ्या पातेल्यात रटरटणारी डाळ. आमच्या गल्लीतल्या इंदूमावशीची निवडणूक. त्यानंतर मधली कितीतरी वर्षं निवडणूकच झाली नाही, महापालिकेवर प्रशासक बसला होता. आता पुन्हा मोसम आला तर तो थंडीत. मला मेला तो हंगामच चुकल्यासारखा वाटतोय.

आमच्या वॉर्डाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. पण तो भिंतींवर आहे. कारखान्याच्या भिंतींचा चुना पावसात सुटतो आणि खालची जुनी चिन्हं वर येतात. एकावर एक, निळी, लाल, भगवी, हिरवी. कुठे अर्धा हात, कुठे नुसतं आडनाव. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझे सासरे या भिंतींकडे बोट दाखवून सांगायचे. नगरपालिका होती त्या काळात म्हणे इथे भातशेती होती आणि निवडणूक अशी नव्हतीच. गावातला पाटील विहिरीच्या कठड्यावर बसायचा, विचारायचा, "हाय ना रं सगळं?" सगळे म्हणायचे, "हाय." झाली निवडणूक. मग शेतांवर लूमचे पत्रे चढले आणि कठड्याची जागा कारखानदार शेटच्या खुर्चीनं घेतली. मग वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा शेटची बायको उभी राहिली. फलकावर तिचा फोटो बोटभर आणि शेटचा हातभर. बिचारीला आम्ही शपथ घेतल्यावर पाहिलं ते एकदाच, हळदीकुंकवाला.

मग चार जणांचा प्रभाग आला. एका माणसानं चार बटणं दाबायची. माझ्या सासूबाईंना हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. त्यांचं म्हणणं एकच, "एक धड काम करीत न्हाय, तं चार कशाला?" वॉर्डाचे नंबर तर इतक्यांदा बदलले की आता कुणी नंबर सांगतच नाही. हद्दही बदलते. एकदा ती आमच्या गल्लीच्या गटारातून गेली होती. गटाराच्या अलीकडचे एका वॉर्डात, पलीकडचे दुसऱ्या. समोरासमोर बसून तांदूळ निवडणाऱ्या दोन जावा, पण त्यांचे नगरसेवक वेगळे. आणि गटार तुंबलं की दोघेही नगरसेवक म्हणणार, ते पलीकडच्यांचं.

असं सगळं असूनही मला माझ्या वॉर्डाचा अभिमान आहे, आणि मी तो लपवत नाही. ठाण्याच्या बँकेत नोकरी करणारी माझी भाची म्हणते, आमच्या सोसायटीत कुणी मतदानाला उतरतच नाही. आमच्याकडे ये म्हणावं! तेलंगणातून आलेले विणकर, उत्तर प्रदेशातले लूमवाले, शहापूर-मुरबाडकडून पोटासाठी उतरलेली आमची माणसं, इथले मूळचे शेतकरी, सगळे एका रांगेत. रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चोळत उभा असतो, केसांत कापसाचे तंतू. बोटाची शाई दुसऱ्या दिवशी लूमवर एकमेकांना दाखवतात. बोलून ऐकू येत नाही ना तिथे, म्हणून बोट वर करून दाखवतात आणि हसतात.

इंदूमावशी बिसी चालवायची. कामगारांच्या खानावळीला इकडे बिसी म्हणतात. तिचं माहेर जवळच्या वळ गावचं. ज्या खाचरांत तिनं लहानपणी भाताची आवण, म्हणजे रोपं, लावली तिथे आज गोदामं आहेत आणि ट्रक उभे असतात. लग्न होऊन कामतघरला आली, नवरा लवकर गेला, सासऱ्यानं बांधलेली बिसी तिनं हातात घेतली. सकाळपाळी, रात्रपाळी मिळून गल्लीतले सगळे सडे कामगार तिच्याकडे जेवायचे. काळी, ठसठशीत, नवरा गेल्यावरही कपाळाला मोठं कुंकू आणि आवाज असा की लूम चालू असतानाही ऐकू यावा. कामगार तिला मौसी म्हणत. ती त्यांच्याशी मराठीत बोलायची, ते तिच्याशी हिंदीत, आणि कुणाचंच काही अडायचं नाही. भाताला मीठ कमी आहे म्हणणाऱ्याला ती म्हणायची, "तुज्या आयशीला बोलाव हितं, ती टाकील." आणि संध्याकाळी त्याच्याच ताटात लोणचं जास्त वाढायची.

तिला निवडणुकीला उभं राहायचं काही नडलं नव्हतं. नडलं ते वेगळंच. गल्लीच्या तोंडाशी बायकांचा सार्वजनिक संडास होता. जुना, गळका, पण होता. रस्ता रुंद करायचा म्हणून तो पाडला. महिन्यात नवा बांधतो म्हणाले. महिने गेले, निवडणूक गेली, दुसरी आली. पुरुषांचा होता तलावाकडच्या बाजूला, दहा मिनिटांच्या वाटेवर. बायकांनी कुठे जायचं? बंद पडलेल्या एका प्रोसेसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, मागे झुडपं होती, तिथे. अंधार पडायची वाट बघायची आणि जोडीनं जायचं. आमच्या गल्लीत पद्माक्का राहते, कांडी भरायचं काम करते, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत भरते. तिच्या मुलीच्या मागे एकदा तिथून कुणीतरी चालत आलं. झालं काही नाही, मुलगी पळत घरी आली. पण त्या दिवसापासून ती पोर दुपारनंतर पाणी प्यायचीच बंद झाली. मे महिन्यात! ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. पद्माक्का तिच्या तोंडाला ग्लास लावायची आणि ती मान फिरवायची.

ते मावशीनं पाहिलं आणि ती थेट अर्ज भरायला गेली. मी तिच्याबरोबर होते, रिक्षात. म्हटलं, मावशी, नगरसेवक होणं सोपं नाही, सभेला जायचं, बोलायचं, सह्या करायच्या. ती म्हणाली, "मला नगरसेवक व्हायचा न्हाय. मला संडास पायजे. त्यो नगरसेवक झाल्याबिगर भेटत न्हाय, तं व्हते नगरसेवक."

अपक्ष म्हणून तिला कुकर हे चिन्ह मिळालं आणि गल्ली हसून हसून लोळली. तिच्यासारखा प्रचार मी परत कधी पाहिला नाही. बाकीचे उमेदवार उन्हात दारोदार फिरत होते, मावशीचे मतदार दोन वेळा तिच्याच दारात पंगतीला बसत होते. ती भात वाढता वाढता भाषण करायची. "चार बटनं दाबायची. तीन तुमाला पायजे ती दाबा, माझा काय म्हनना न्हाय. चवथा कुकर. न् टूं वाजल्याबिगर भायेर यायचा न्हाय. समजला का रं?" "समझा मौसी." "काय समजला?" "कुकर." "न् टूं?" "टूं!" अख्खी पंगत टूं करायची. पुठ्ठ्याच्या खोक्यावर बटणं काढून पद्माक्का कांडीवाल्या बायकांना शिकवत होती. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला फॉलबरोबर कुकर सांगत होते. आम्हाला खरंच वाटायला लागलं होतं की ही बाई निवडून येणार. इतकं आतून वाटत होतं की मी संडासाच्या दाराचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

पण निवडणूक मे महिन्यात होती, आणि मे महिन्यात आमचा वॉर्ड अर्धा रिकामा होतो. तिकडे उत्तरेत, कामगारांच्या मुलुकात, लग्नसराई असते. बहिणीचं लग्न, साल्याचं लग्न, स्वतःचं लग्न. पत्र्याच्या पेट्या भरतात, नवे टेबलफॅन दोरीनं बांधले जातात आणि एकेक गल्ली कल्याण स्टेशनकडे निघते. पण लूम बंद ठेवून चालत नाही. मग जाणारा माणूस बदली ठेवतो. बदली म्हणजे त्याच्या जागेवर उभा राहणारा दुसरा. गावाकडचा, ओळखीचा, शब्दाचा. हा रिवाज फार जुना आणि फार पक्का. बदली त्याच्या लूमवर उभा राहतो, त्याच्या खिळ्याला सदरा अडकवतो, त्याच्या जागी झोपतो आणि बिसीत त्याच्याच ताटावर जेवतो. मूळचा माणूस परत आला की बदली मुकाट्यानं बाजूला होतो. इतक्या वर्षांत एका बदलीनं कुणाची जागा बळकावल्याचं मी ऐकलेलं नाही.

राममिलन हा मावशीच्या बिसीतला सगळ्यात जुना गिऱ्हाईक. उंच, शांत, जेवताना मान वर न करणारा. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. जायच्या आदल्या दिवशी तो नेहमीसारखा आपल्या बदलीला घेऊन आला. म्हणाला, "मौसी, ये मेरा बदली. मेरी थाली इसको देना." मावशीनं मान हलवली. मग त्यानं खिशातून मतदानाचं ओळखपत्र काढलं आणि तिच्यासमोरच त्या पोराच्या हातावर ठेवलं. "और ये ले. चौथा बटन कुकर का. टूं बजने के बाद ही बाहर आना."

मी तिथे बसून कांदे चिरत होते. मला हसू फुटलं. राममिलनला कळेना मी का हसते. त्याच्या मनात लबाडी असती तर त्यानं हे लपून केलं असतं ना! हा माणूस मौसीला भेट दिल्यासारखं मोठ्या समाधानानं करत होता. लूम बदली चालवणार, ताट बदली जेवणार, मग मत काय हवेत राहणार? मावशीनं ओगराळं खाली ठेवलं आणि पंगतीवरून नजर फिरवली. "अजून कोनी कोनी दिलाय कार्ड?" विचारलं, तर एकेक हात वर व्हायला लागला. गावाला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकानं आपलं कार्ड बदलीकडे सोडलं होतं. सगळे बदली पंगतीत बसले होते, आज्ञाधारक मुलांसारखे, कुकर पाठ करून.

आम्हा बायकांना तर देव पावल्यासारखं झालं. पद्माक्का टाळ्या वाजवायला लागली. आम्हाला वाटत होतं निम्मी मतं गाडीत बसून गेली, ती सगळी इथेच होती! आणि कोण धुतल्या तांदळाचं होतं? दुसऱ्या बाजूची माणसं बदल्यांना रिक्षात घालून नेतात, बिर्याणी घालतात, हे गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण मावशीनं हात पुढे केला. एकेकाकडून कार्ड मागून घेतलं, पुसलं आणि पिठाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. डबा तेव्हा रिकामा होता. झाकण लावलं. "ज्याचं त्याला दीन, परत आल्यावर," म्हणाली.

राममिलन गोंधळला. "लेकिन मौसी, थाली तो देती हो मेरे बदली को."

"थाली तुजी एकट्याची हाय. तू भुका ऱ्हा, कोनाला दे, माझा काय जातो? मत तुज्या एकट्याचा न्हाय, गल्लीचा हाय. त्याला तू सोता पायजे. लगीन दोन दिस म्होरं ढकल, न्हायतर गप गाडीत बस."

लग्न काही पुढे ढकललं गेलं नाही. तो गेला. आम्ही सगळ्या मावशीवर चिडलो. मी तर तिला तोंडावर म्हटलं, तुला हरायचंच होतं तर उभी कशाला राहिलीस? ती पीठ मळत होती. म्हणाली, "हरायला कोन उभी ऱ्हातो गं," आणि मळतच राहिली.

मतदानाचा दिवस उजाडला. शाळेचे वर्ग, दारावर कागदाचे आकडे, मंडपात पाण्याची पिंपं. ऊन असं की चपलेतून पाय भाजत होते. मी एका खोलीत मावशीची एजंट म्हणून बसले होते. आमच्याकडे माणसं कमी, सगळ्या खोल्यांत एजंट बसवायला कुठून आणणार? मावशीचं स्वतःचं नाव ज्या खोलीत होतं तिथे आमचं कुणीच नव्हतं. सकाळभर बिसीचं जेवण उरकून ती दुपारी मत द्यायला आली, लग्नाला निघाल्यासारखी, जरीच्या काठाची साडी नेसून. थोड्या वेळानं पद्माक्का मला बोलवायला धावत आली. गेले तर मावशी टेबलासमोर उभी, डाव्या हाताचं बोट वर केलेलं. कोरं करकरीत बोट. टेबलामागचे साहेब घाम पुसत होते. मावशीच्या नावावर मत पडून गेलं होतं. सकाळीच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उमेदवाराचंच मत! कुणीतरी तिचं नाव सांगून, डोक्यावरून पदर घेऊन, आत जाऊन चार बटणं दाबून गेली होती, आणि चौथं कुकरचं नक्कीच नव्हतं. मी आरडाओरडा केला, तेवढंच मला येतं. ते साहेब माणूस चांगले होते. त्यांनी मावशीची ओळख पटवून घेतली आणि सांगितलं, "बाई, तुम्हाला कागदावर मत देता येईल. ते वेगळ्या पाकिटात बंद होतं."

"मोजता काय ते?"

"नाही. कोर्टानं सांगितलं तरच."

"मंग देता कशाला?"

साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही आला होता हे राहतं."

मावशीनं कागद घेतला. पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन बराच वेळ लावला. बाहेर आली, शाई लावून घेतली आणि उन्हातून थेट बिसीत गेली.

आम्ही तिच्यामागे. बिसीत सगळे बदली जेवून बसलेले होते. त्यांना बातमी आधीच कळली होती. एक जण उभा राहिला, "मौसी, अब तो बोलो. अभी टाइम है. हम जाते हैं." पद्माक्का रडत होती. रडत रडत ओरडत होती, "तुमचा वोट चोरी केला त्यांनी! खोला डबा! माझ्या पोरीसाठी खोला!" मीही ओरडले. गल्लीतल्या सगळ्या बायका दारात जमल्या होत्या. मावशीनं डबा भिंतीजवळून ओढला, मध्ये आणला. मला वाटलं, उघडते. आणि ती झाकणावर बसली. जरीची साडी नेसलेली, शाईचं बोट मांडीवर, घाम कानशिलावरून गळतोय, आणि ही बाई पिठाच्या डब्यावर मांडी घालून बसली ती मतदान संपेपर्यंत उठली नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. मधून मधून पद्माक्काकडे बघायची आणि डोळे पुसायची. म्हणजे तिला कळत होतं. ती कशावर बसली आहे ते आमच्याहून जास्त तिलाच कळत होतं.

ती हरली. फार नाही, थोडक्यात. डब्यातली कार्डं चालली असती तर आली असती, हे लहान पोरालाही समजत होतं. गुलालाचा ट्रक आमच्या गल्लीतून मुद्दाम हळूहळू गेला. जिंकलेल्या भाऊंनी मावशीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मावशी, संडास आता माझी जबाबदारी." पुढे त्यांनी नारळही फोडला. पाटीही लागली. त्या पाटीमागची जागा आजही मोकळी आहे, शेजारचे तिथे दुचाकी लावतात.

गल्ली मावशीशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसतं बोलणं बंद. पद्माक्का तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायची. पुन्हा तीच झुडपं, तीच अंधाराची वाट, तीच न पिणारी पोर. मलाही तिचा राग होता आणि त्या रागात मी बिसीच्या पायरीवर दुपारची बसायची बंद झाले. आज लिहायला बसल्यावर मला ती डब्यावर बसलेली दिसते आणि ऊर भरून येतो, पण तेव्हा नुसता संताप येत होता. अशा माणसाचं कौतुक शेजारी राहून लगेच करता येत नाही.

मग एका शुक्रवारी, लूम बंद असताना, बिसीच्या मागच्या बाजूनं घणाचे आवाज यायला लागले. आम्ही बघायला गेलो. बिसीच्या मागे मावशीच्या सासऱ्यानं बांधलेला एक संडास होता, फक्त बिसीतल्या माणसांसाठी. त्याला वाट होती ती जेवणाच्या खोलीतून, साठ पुरुषांच्या पंगतीमधून. त्यामुळे गल्लीतल्या बायकांना त्याचा काही उपयोग नव्हता, मावशी स्वतःसुद्धा बिसी रिकामी असेल तेव्हाच जायची. मावशीनं गवंडी लावला होता. मागची भिंत फोडून, बायका राहतात त्या आतल्या बोळाकडे, नवं दार काढलं. आणि बिसीच्या बाजूचं जुनं दार विटांनी बंद करून टाकलं. संध्याकाळपर्यंत दिवा लागला, आतून कडी लागली. मावशी पद्माक्काच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मी घालवला तं मीच देते. एकच हाय. रांग लावा न् भांडू नका."

पद्माक्का वळली. आत गेली, तांब्या भरून आणला आणि मुलीच्या हातात दिला. पोरगी आमच्या सगळ्यांच्या समोर तो गटागटा प्यायली.

गंमत झाली ती पावसाळ्यात, मुलुकातून माणसं परतू लागली तेव्हा. राममिलन गाडीतून उतरून थेट बिसीत आला. पेटी टाकली, मौसीच्या पाया पडला आणि घाईघाईनं मागे गेला. तसाच परत आला. "मौसी, दरवाजा कहाँ गया?" मावशी पोळी लाटत होती. डबा उघडून तिनं त्याचं कार्ड काढून दिलं, पीठ झटकून. "हा घे तुजा कार्ड. तू मत बदलीवर टाकून गेलास. दरवाजा बायकांला दिला. आता तलावापातुर चाल." राममिलन एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात डबडं घेऊन उभा. बाहेर पाऊस. आणि काय करणार, गेला बिचारा छत्री घेऊन. दार बुजलं त्या दिवसापासून बिसीतले सगळे पुरुष पावसात, उन्हात, पाळीच्या आधी, पाळीच्या नंतर, दहा मिनिटं चालतात. कुरकुर खूप झाली. एकही माणूस बिसी सोडून गेला नाही.

यंदा थंडीत मतदान झालं. लग्नसराई नव्हती हे खरं, पण दोघांतिघांना घरच्या कामासाठी जायचं होतं, त्यांनी तिकिटं मतदानानंतरची काढली. मी स्वतः विचारून खात्री केली. मावशी उभी राहिली नव्हती, आता गुडघे धरतात तिचे. पण सकाळी लवकर जाऊन मत देऊन आली, तिच्या नावावर या वेळी तीच गेली. दुपारी बिसीच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो होतो. राममिलन आला. केस पांढरे झालेत त्याचेही. मधल्या वर्षांत त्यानं बायको आणि मुलीला इकडे आणलं, आतल्या बोळातच, मावशीनं काढलेल्या त्या दारासमोर, खोली घेतली. मुलगी आरती नववीत आहे, माझ्याकडे शिवण शिकायला येते. त्यानं शाईचं बोट मावशीसमोर धरलं, हसला आणि म्हणाला, "मौसी, देखो. खुद गया, खुद दिया. अब तो अंदरवाला दरवाजा खोल दो. बुढ़ापे में कितना चलाओगी?"

मावशीही हसली. म्हणाली, "उघडते की. आरती घरी हाय ना? जा, आदी तिला इचारून ये."

राममिलनचं हसू ओसरलं. त्यानं आतल्या बोळाकडे पाहिलं, मग मावशीकडे. "रहने दो, मौसी," म्हणाला, आणि चप्पल पायात सरकवून तलावाच्या वाटेला लागला.